विश्लेषण : फुकट क्लाउडची मुदत संपल्यावर फोटो कुठे? घरच्या ‘नॅस’ पेटीचा खरा हिशेब

मोबाइल कंपन्या रिचार्जसोबत क्लाउडवरील जागा फुकट देऊ लागल्यापासून ‘स्टोरेज फुल’ ही सूचना अनेकांच्या फोनवरून गायब झाली आहे. मुदत संपली की ती परतणार आहे. तोवर फोटो, व्हिडीओ आणि कागदपत्रांचा ढीग कित्येक पटींनी वाढलेला असेल. त्यामुळे ‘आपला डेटा आपल्याच घरात’ ठेवणाऱ्या नॅस पेटीविषयी आता छत्रपती संभाजीनगरलगतच्या बजाजनगरसारख्या वसाहतींतूनही चौकशी होणे स्वाभाविक आहे. ही पेटी नेमकी काय करते, खर्च किती आणि ती घेतल्यावर डेटा खरोखर सुरक्षित होतो का?

हा प्रश्न आत्ताच का?

गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी एवढीच मोफत मर्यादा आहे. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअॅपचा बॅकअपही पुढे याच मर्यादेत मोजला जाऊ लागला. फोनवर १०८० दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडीओ साधारण ६० ते १३० एमबी जागा घेतो. म्हणजे १५ जीबीत दोन ते चार तासांचे चित्रीकरण मावते. हळदीपासून वरातीपर्यंत एका लग्नातच ते संपते.

मग २०२५ मध्ये फुकट जागेचा दुसरा फेरा आला. मे महिन्यात एअरटेलने पोस्टपेड आणि वायफाय ग्राहकांना सहा महिन्यांसाठी १०० जीबी देऊ केले. ३० ऑक्टोबरला जिओने गूगलशी करार जाहीर करून पात्र ग्राहकांना १८ महिन्यांसाठी तब्बल २ टीबीची योजना दिली. ज्यांनी ती सुरुवातीलाच घेतली, त्यांची मुदत २०२७ च्या उन्हाळ्यात संपेल. त्यानंतर पैसे भरायचे किंवा साठवलेले सगळे खाली उतरवून घ्यायचे, हे दोनच मार्ग उरतात. मर्यादेबाहेर गेलेल्या खात्यात नवे फोटो चढत नाहीत, ईमेल येणेही थांबते. दोन वर्षे खाते मर्यादेबाहेरच राहिले तर साठवलेली सामग्री पुसण्याचा अधिकार कंपनीने नियमांत राखून ठेवला आहे.

आणखी एक नियम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोन वर्षे कुणीच न उघडलेले वैयक्तिक खाते सामग्रीसह बंद करण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. वडील वारले, त्यांचा फोन कपाटात गेला आणि त्यांच्या खात्यात कुणी डोकावलेच नाही, तर त्यांनी काढलेले फोटो या नियमाच्या कचाट्यात येऊ शकतात.

नॅस म्हणजे काय?

साध्या भाषेत, घरच्या वायफायला जोडलेले कपाट. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, तिच्यात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क आणि त्या सांभाळणारा छोटा संगणक. पेटीला स्क्रीन किंवा कीबोर्ड नसतो. तारेने ती राऊटरला जोडली की घरातील प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि टीव्हीला ती दिसू लागते. फोन घरी आला, वायफाय पकडले की दिवसभराचे फोटो आपोआप पेटीत उतरतात. आईचे, मुलांचे आणि कामाचे कप्पे वेगवेगळे आणि प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड, अशी व्यवस्था करता येते. पेन ड्राइव्हपेक्षा ही वेगळी ठरते ती इथेच. ती सतत चालू असते आणि एकाच वेळी सगळ्यांची असते.

बजाजनगरात याची गरज कुणाला?

वाळूजमध्ये १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे उभे राहिले. वडगाव कोल्हाटी, रांजणगाव, पंढरपूर या गावांच्या मधोमध वसलेल्या बजाजनगरात या कारखान्यांतील कामगार, सुपरवायझर आणि छोटे कारखानदार शेजारी-शेजारी राहतात. कामगाराच्या घरात प्रश्न फोटोंचा आणि मुलांच्या कागदपत्रांचा असतो. छोट्या कारखानदाराच्या घरात मात्र एकाच लॅपटॉपवर मुलीच्या वाढदिवसाचा व्हिडीओ, सीएनसी मशिनचे प्रोग्राम, ग्राहक कंपनीने पाठवलेली ड्रॉइंग आणि जीएसटीची बिले एकत्र नांदतात. तो लॅपटॉप बंद पडला तर फोटो जातातच, शिवाय सोमवारी जॉब कुठल्या मापाने काढायचा हा प्रश्नही उभा राहतो. अशा घरात नॅस ही चैन म्हणता येणार नाही. केवळ फोटोंसाठी ती लागतेच, असेही मात्र नाही.

पैसे वाचतात का?

बहुतेकांचे वाचत नाहीत. दोन कप्प्यांची साधी पेटी आणि ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर खर्च साधारण ४० हजारांच्या पुढे जातो. गूगलची १०० जीबीची साधी योजना वर्षाला १,३०० रुपयांना आणि २ टीबीची ६,५०० रुपयांना मिळत आली आहे, आणि ती आणखी पाच जणांत वाटून घेता येते. म्हणजे २ टीबीत भागणाऱ्या कुटुंबाला पेटीची किंमत वसूल व्हायला सहा-सात वर्षे लागतील. तोवर डिस्क बदलायची वेळ येईल. विजेचा खर्च किरकोळ आहे. १८ वॉटची पेटी अहोरात्र चालली तर महिन्याला १३ युनिट, म्हणजे नऊ-दहा रुपये दर धरला तर सव्वाशे रुपयांच्या आसपास. ज्यांचा साठा ४-५ टीबीच्या पुढे गेला आहे, ज्यांना मोठ्या फाइल रोज उघडाव्या लागतात किंवा ज्यांना आपली सामग्री परक्या कंपनीकडे ठेवायचीच नाही, त्यांच्यासाठी हिशेब बदलतो.

शेवटचे कारण भावनिक वाटले तरी ते पोकळ नाही. आंघोळ घालतानाचा लहानपणीचा फोटो ड्राइव्हवर चढवल्यामुळे गुजरातमधील एका अभियंत्याचे गूगल खाते बंद झाले. बालकांच्या अश्लील चित्रांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेने तो आक्षेपार्ह ठरवला होता. मार्च २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने या प्रकरणी कंपनीला नोटीस काढली. खाते एकच असल्याने फोटोंबरोबर ईमेलही गेले होते. असा फोटो मराठी घरातल्या कुठल्याही अल्बममध्ये सापडेल.

जुना संगणक वापरला तर?

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने चांगले चालणारे असंख्य संगणक अडगळीत निघाले आहेत. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस ही मोफत प्रणाली टाकली की नॅस तयार होते. फोटोंसाठी इमिच हे मोफत अॅप आहे. त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. ते तारीख, ठिकाण आणि चेहऱ्यानुसार फोटो शोधून देते आणि दिसायला गूगल फोटोजसारखेच आहे.

हा मार्ग स्वस्त असला तरी फुकट नाही. जुना डेस्कटॉप ५५ वॉट खातो असे धरले तर महिन्याला ४० युनिट होतात, म्हणजे तयार पेटीच्या तिप्पट. त्यातील दहा वर्षे फिरलेली डिस्क तशीच वापरणे म्हणजे झिजलेल्या टायरवर घाट उतरणे. संगणक जुना चालेल, डिस्क नवीच हवी. शिवाय बिघाड झाल्यावर सोडवणारा माणूस घरातच लागतो. तो नसेल तर तयार पेटी घेतलेली बरी.

तयार पेटी घेतानाही एक गोष्ट विचारून घ्यावी. सायनोलॉजी या आघाडीच्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या नव्या प्लस मॉडेलमध्ये स्वतःच्या किंवा प्रमाणित केलेल्याच डिस्क चालतील, असे जाहीर केले. ग्राहकांनी ओरड केल्यावर ऑक्टोबरमध्ये ते मागे घेतले. पेटी आपली असली तरी तिची प्रणाली कंपनीचीच असते, हे या निमित्ताने दिसले. डिस्क घेताना ती ‘सीएमआर’ प्रकारची आहे ना, हेही पाहावे. ‘एसएमआर’ प्रकारात माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. नॅसमध्ये अशी डिस्क बदलून नवी भरताना ती फार रेंगाळते. वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये आपल्या काही रेड डिस्क याच प्रकारच्या असल्याचे मान्य केले होते. त्याआधी ग्राहकांना ते सांगितले गेले नव्हते.

घरात बसवताना काय पाहावे?

जागा आणि वीज या दोन गोष्टी आधी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. नको असलेली वस्तू माळ्यावर टाकायची आपली सवय इथे नडते. स्लॅबखालचा माळा दुपारी भट्टी होतो, आणि अहोरात्र फिरणारी डिस्क स्वतःही तापत असते. हवा खेळेल अशी, जमिनीपासून थोडी वर, स्वयंपाकघराच्या धुरापासून आणि खिडकीतल्या धुळीपासून दूर असलेली जागा निवडावी. डिस्कचे तापमान पेटीच्या अॅपमध्ये दिसते. उन्हाळ्यात ते पन्नाशीच्या खाली राहिलेले बरे.

डिस्कवर लिहिणे सुरू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी सगळी नोंदवहीच बिघडते. मान्सूनपूर्व वादळात वीज जाते-येते तेव्हा धोका सर्वाधिक. घरच्या इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ असेल तर तो चालू करावा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना क्षणभराचा खंड पडतो आणि पेटी बंद पडू शकते. यूएसबी तारेने पेटीशी बोलणारा छोटा यूपीएस अधिक चांगला. त्याची बॅटरी उतरू लागली की पेटी स्वतःहून नीट बंद होते. अर्थिंग नसलेल्या प्लगवर मात्र यातले काहीच कामाचे नाही.

वेगाबाबत बहुतेकांची फसगत होते. ‘नॅस संथ आहे’ अशी तक्रार असते, पण अनेकदा दोष राऊटरचा निघतो. ब्रॉडबँडवाल्याने दिलेल्या जुन्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असले तर सेकंदाला १२ एमबीच जातात आणि १ टीबी भरायला जवळपास २३ तास लागतात. गिगाबिट पोर्टवर तेच काम अडीच तासांत होते. पहिल्यांदा सगळे भरायचे ते तारेने, वायफायवरून नव्हे.

‘दोन डिस्क आहेत, मग काळजी कशाला?’

घरच्या साठवणुकीत सर्वाधिक नुकसान या समजुतीने होते. दोन कप्प्यांच्या पेटीत दोन्ही डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते. याला रेड १ म्हणतात. रेडची कल्पना बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढ्यापुरता हा उपाय आहे. आणि डिस्क मरतात. लाखो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार वर्षभरात निकामी होण्याचे प्रमाण १.४० टक्के होते, तेही वातानुकूलित केंद्रात.

पण घरातला डेटा फक्त डिस्क मेल्याने जात नाही. मुलाने चुकून फोल्डर पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसले जाते. खंडणीखोर विषाणू शिरला तर दोन्हीकडच्या फाइल कुलूपबंद होतात. शॉर्टसर्किट झाले तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. चोरी झाली तर चोर पेटी नेतो, एक डिस्क मागे ठेवत नाही. मे २०२५ मध्ये बजाजनगरातच एका उद्योजकाच्या बंगल्यावर दरोडा पडून किलोंच्या हिशेबात सोने गेले होते. घरफोडीत पुरावा मागे राहू नये म्हणून सीसीटीव्हीचा डीव्हीआर उचलून नेण्याची पद्धत जुनी आहे. आणि राऊटरशेजारी लुकलुकणारी नॅस पेटी अंधारात हुबेहूब डीव्हीआरसारखी दिसते.

म्हणून बॅकअपसाठी तीन-दोन-एक हा नियम सांगितला जातो. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी तो रूढ केला. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातील एक घराबाहेर. रेडमधील दोन डिस्क मिळून ही एकच प्रत मोजायची.

घराबाहेरची प्रत ठेवायला महागडी सोय लागते असे नाही. बजाजनगरातील बहुतेक घरांना एक गाव आहे. कुणाचे बीड जिल्ह्यात, कुणाचे जालना, परभणी किंवा बुलढाण्यात. दोन बाह्य डिस्क घ्याव्यात. एकीवर दर आठवड्याला पेटीची प्रत काढावी आणि काम झाले की ती सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर विषाणू तिच्यापर्यंतही पोहोचतो. दुसरी गावी, आई-वडिलांच्या ट्रंकेत. दिवाळीला जाताना ताजी न्यायची, जुनी परत आणायची. डिस्कला कूटबद्ध कुलूप लावले असेल तर बसमध्ये पिशवी हरवली तरी फोटो परक्याच्या हाती लागत नाहीत. दोन सणांमध्ये काढलेले फोटो या प्रतीत नसतील हे खरे. त्यासाठी निवडक गोष्टी, म्हणजे शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे, सातबारा, खरेदीखत आणि ठरावीक फोटो, १०० जीबीच्या सशुल्क क्लाउडवरही ठेवावेत. घरचे की क्लाउड, असा वाद घालण्यात अर्थ नाही.

काही पेट्यांत ‘स्नॅपशॉट’ची सोय असते. कालची, परवाची, गेल्या आठवड्याची स्थिती पेटी लक्षात ठेवते आणि पुसलेले फोल्डर परत आणता येते. स्वस्त मॉडेलमध्ये ती नसते. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

आणि वर्षातून दोनदा तरी बॅकअपमधून एखादा फोटो, एखादे ड्रॉइंग प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहावे. ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश महिनोन्महिने येत राहावा आणि नेमक्या वेळी फोल्डर रिकामे निघावे, हे संगणक दुरुस्तीवाल्यांना नवीन नाही.

बाहेरून पाहायची सोय धोक्याची का?

नॅस विकताना ‘जगात कुठूनही तुमचे फोटो पाहा’ असे सांगितले जाते. ते शक्य आहे, पण त्यासाठी राऊटरमध्ये दार उघडून पेटी थेट इंटरनेटवर मांडली तर ती जगभरच्या चोरांनाही दिसते. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांतील फाइल पासवर्डच्या आड बंद करून प्रत्येकी ०.०१ बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने सुमारे ४० हजार रुपये, खंडणी मागितली गेली. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने पुन्हा तेच केले. जून २०२१ मध्ये तर वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्या दुरूनच मूळ स्थितीत आणल्या गेल्या. मालक सकाळी उठले तेव्हा वर्षानुवर्षांचा साठा कोरा होता. त्या पेट्यांना कंपनीचा शेवटचा अपडेट २०१५ मध्ये मिळाला होता.

भारतातील अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. त्यामुळे असे दार उघडायचा प्रयत्न फसतो आणि लोक वैतागतात. एका अर्थी ते बरेच आहे. बाहेरून पाहणे गरजेचेच असेल तर टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरावा. त्यात फक्त आपल्या नोंदवलेल्या फोनलाच वाट मिळते. ‘अॅडमिन’ हे मूळ खाते बंद करणे, दुहेरी पडताळणी आणि आपोआप अपडेट चालू ठेवणे, राऊटरमधील ‘यूपीएनपी’ बंद करणे ही कामे पहिल्याच दिवशी उरकावीत. आणि पेटीला अपडेट मिळणे थांबले की ती इंटरनेटपासून तोडावी, मग ती कितीही उत्तम चालत असो.

कायद्याचा संबंध कुठे येतो?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागू होत नाही. घरच्या फोटोंसाठी कुणाची परवानगी नको. पण त्याच पेटीत वर्कशॉपमधील कामगारांची आधार कार्डे, बँक खाती आणि पगारपत्रके ठेवली की तो वापर घरगुती राहत नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. बजाजनगरात ऑफिस आणि घर यांच्यातला उंबरठा अनेकदा फक्त एका जिन्याचा असतो. तिथे कामगारांची कागदपत्रे निदान वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या पासवर्डखाली असावीत आणि घरातील प्रत्येकाच्या फोनवरून उघडता येऊ नयेत. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर संगणकावरील हिशेबवह्यांची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवण्याचे बंधन कंपनी कायद्याच्या नियमांत आधीपासूनच आहे.

पासवर्ड कुणाकडे?

गूगलमध्ये खाते निष्क्रिय झाल्यास ते कुणाच्या हाती द्यावे, हे आधी नोंदवता येते. घरातल्या पेटीसाठी ही तजवीज घरच्यांनाच करावी लागते. बहुतेक घरांत ती एकाच व्यक्तीने बसवलेली असते आणि सगळे त्याच्याच डोक्यात असते. डिस्कला कूटबद्ध कुलूप असेल आणि त्याची किल्ली हरवली, तर पेटी समोर असूनही कंपनी किंवा दुरुस्तीवाला आतले काहीच काढून देऊ शकत नाही. मुख्य पासवर्ड, कुलपाची किल्ली, गावी ठेवलेली डिस्क कुठे आहे आणि ती कशी उघडायची, एवढे चार ओळींत कागदावर मराठीत लिहून तो कागद एलआयसीच्या पॉलिसीसोबत ठेवावा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी त्यावरून एकदा पेटी उघडवून घ्यावी.